बाजूला होण्याची जागा

अहवाल दीड पानाचा होता. त्यातलं एक पान हवामान, तारेची जाडी, खुंट्यांची स्थिती आणि हेल्मेटचा रंग यांवर खर्ची पडलं होतं. बाबांबद्दल शेवटी एकच वाक्य होतं: "मयताने सुरक्षा-पट्ट्याचे दोन्ही हुक एकाच वेळी तारेवरून काढल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सदर अपघात घडला."

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत आले आहे. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरत होतं.

बाबा तारेच्या वाटेचे राखणदार होते. पुस्तकांत तिला व्हिया फेराटा म्हणतात. आमच्या वस्तीमागच्या कड्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बोटाएवढी जाड पोलादी तार ताणलेली आहे. दर तीन-चार मीटरवर खडकात एक खुंटा रुतवून तार त्याला जखडली आहे, आणि जिथे पाय ठेवायला काहीच नाही तिथे लोखंडी पायऱ्या ठोकल्या आहेत. ज्याला कडा चढता येत नाही त्यालाही एकदा कड्याच्या मधोमध उभं राहता यावं, म्हणून हा सगळा खटाटोप. कमरेला आणि मांड्यांना आवळलेला हार्नेस, हार्नेसला दोन पट्टे, पट्ट्यांच्या टोकांना दोन हुक. हुक तारेवरून आपल्याबरोबर सरकत येतात. खुंटा आला की एक हुक काढायचा, खुंट्यापलीकडे लावायचा, तो लागल्याची खात्री झाली की मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच नाही.

पट्टे जिथे एकत्र येतात तिथे मुठीएवढी एक शिवलेली पिशवी असते. पंचवीस वर्षं बाबा प्रत्येक येणाऱ्याला ती पिशवी हातात धरून दाखवत आले. माणूस पडला की हुक तारेवरून थेट मागच्या खुंट्यापर्यंत घसरतात, आणि तिथे जो हिसका बसतो तो कणा मोडणारा असतो. पिशवीच्या आत पट्टी घडी घालून शिवलेली असते. हिसका बसला की टाके एकामागून एक उसवत जातात आणि तो खाऊन टाकतात. "ही पिशवी म्हणजे माफी," बाबा सांगायचे. "एकदाच मिळते. उसवली की फेकून द्यायची. आणि माफी आहे म्हणून कुणी मुद्दाम चुकू नका. खाली पायऱ्या आहेत, लोखंडाच्या आहेत. माफी मिळूनही तंगडी मोडेल. तेव्हा पडायचंच नाही."

बाबांच्या पिशवीचा एकही टाका उसवला नव्हता.

भेटायला येणारे सगळे तेच बोलत. आवडतं काम करता करता गेले. आवडत्या जागी गेले. मी मान हलवायची. बाबांची आवडती जागा खिडकीजवळची खुर्ची होती, तिचा एक पाय लुळा होता आणि तो दुरुस्त करायचं ते चार वर्षं पुढे ढकलत होते. एका बाईंनी तर बाबांना पर्वतपुत्र केलं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "मेल्या म्हशीला मणभर दूध. याच बाई मला विचारायच्या, तुमचे हे अजून त्या लोखंडाशीच खेळतात का."

आई रडली नाही. ती चिडली होती, आणि कुणावर ते तिला कळत नव्हतं. मग ती बाबांच्या स्वभावावर घसरायची. बाबा कुणालाही पुढे जाऊ द्यायचे. दवाखान्यात नंबर आला की मागच्या खोकणाऱ्याला देऊन टाकत. जिन्यात कुणी वर येताना दिसलं की अर्धा मजला उलटे उतरत. आमच्या घरातल्या एकाही समूह-फोटोत ते पूर्ण आलेले नाहीत; कडेला अर्धा खांदा आणि एक कान.

"स्वतःच्या लग्नातसुद्धा म्हणाले असते," आई म्हणाली, "आधी तुमचं होऊ द्या, आम्हाला काही घाई नाही."

मी हसले.

चौकशी कचेरीत मी चार वेळा गेले. अधिकारी बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होत्या, सभ्य होत्या, आणि प्रत्येक वेळी फाइल नव्याने शोधत होत्या. टेबलावर एक रोपटं होतं. चारही खेपांना ते सुकलेलं होतं आणि चारही खेपांना त्या मला बघून त्याला पाणी घालत.

"मॅडम, दोन्ही हुक मोकळे होते. त्यांची तोंडं बंद होती, हुक शाबूत होते. म्हणजे तुटले नाहीत, काढले. पिशवी आहे तशी. आणखी काय लिहायचं?"

"का काढले ते."

"साक्षीदार नाही. सीझन संपला होता, चढणाऱ्यांची पायथ्याची नोंदवही बंद होती. ते एकटेच तपासणीला गेले होते."

"ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना एक लावा मग दुसरा काढा हे शिकवलं, तो स्वतः दोन्ही काढेल? कारणाशिवाय?"

"असेलही कारण." त्यांनी फॉर्म माझ्याकडे वळवून दाखवला. "पण 'का'चा रकाना नाही यात. वाटेचा दोष की व्यक्तीचा दोष, एवढंच आहे. वाटेत दोष सापडला नाही."

"मग?"

"मग वाटेत काही बदलायची गरज नाही. नवा सीझन सुरू झाला की वाट उघडेल."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरी येऊन मी कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की आईने आतून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी."

वेल्डरकाका बाबांचे जोडीदार. खुंटे बदलणं, तार ताणणं, गंज घासणं ही कामं दोघं मिळून करत. त्या दिवशी काकांची दाढ ठणकत होती म्हणून बाबा एकटे गेले. काकांनी ती दाढ नंतर उपटून घेतली आणि तेव्हापासून त्या बाजूने चावत नाहीत, असं काकूंनी आईला सांगितलं.

वाट उघडायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले. ते एका फाटकाला बिजागरी जोडत होते.

"मला वर जायचंय. ती जागा बघायचीय."

त्यांनी काळी काच कपाळावर सरकवली. "तू? तू लहानपणी स्टुलावर चढून रडायचीस."

"म्हणून तर तुमच्याबरोबर म्हणतेय."

"बघून काय होणार पोरी? दगड आहे. दगडाला विचारणार का तू?"

"तुम्हाला विचारते. त्यांनी दोन्ही हुक का काढले?"

काकांनी बिजागरी खाली ठेवली. "मी रोज विचारतो स्वतःला," ते म्हणाले. "परवा सकाळी सातला ये. बूट घालून ये, त्या चपला नकोत."

पायथ्याच्या खोपटात बाबांचं सामान तसंच होतं. हेल्मेटं आकाराप्रमाणे, हार्नेस नंबराप्रमाणे, पट्ट्यांवर खरेदीचं साल लिहिलेल्या चिकटपट्ट्या. काकांनी माझा हार्नेस आवळला, पिशवीवरून बोट फिरवून टाके पाहिले आणि दोन्ही हुक माझ्या हातात देऊन मला खाली बांधलेल्या सरावाच्या तारेवर दहा वेळा काढ-घाल करायला लावली. आठव्या वेळी मी कंटाळून चटकन केलं.

"पुन्हा पहिल्यापासून," काका म्हणाले. "तुझा बाप वीस वेळा करून घ्यायचा. आणि अजून एक. दोन खुंट्यांमध्ये एका वेळी एकच माणूस. पुढचा खुंट्यापलीकडे गेल्याशिवाय आपण त्या तुकड्यात शिरायचं नाही. एक घसरला तर तार हिसकते, त्याच्याबरोबर दुसराही जातो. तुझ्या बापाचा दंडक होता हा. सरकारी नियम बदलेल, हा बदलणार नाही म्हणायचा."

चढ सुरू झाला आणि पहिल्या पंधरा मिनिटांत मी बाबांना, काकांना आणि ही वाट ज्याने कुणी पहिल्यांदा आखली त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. लोखंड गार होतं. पायऱ्या अशा बेताने ठोकलेल्या की प्रत्येक पुढची पायरी चार बोटं लांबच वाटावी. खाली बघू नकोस असं काका म्हणाले, आणि ते ऐकून मी लगेच खाली पाहिलं. छापखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं. त्याच्यावर कुणाची तरी फुटकी खुर्ची पडली होती. बावीस वर्षं मी त्या छपराखाली बसले आणि ती खुर्ची मला माहीत नव्हती.

विसाव्या खुंट्याच्या आसपास काहीतरी झालं. भीती गेली नाही. पण तिला बसायला जागा उरली नाही. हुक काढ, पलीकडे लाव, टिक असा आवाज ऐक, दुसरा काढ, लाव, टिक. हात, पाय, पाय. तोवर पुढचा खुंटा येतोच. बाबा गेल्यापासून माझ्या डोक्यात दिवसभर एक वाद चालू असे, कचेरीशी, भेटायला येणाऱ्यांशी, बाबांशी. तो थांबल्याचं माझ्या उशिरा लक्षात आलं. बाबांना मी लहानपणी विचारलं होतं, तिथे रोज जाऊन कंटाळा येत नाही का. ते म्हणाले होते, "तिथे एका वेळी एकच काम असतं." मला ते उत्तर टाळण्यासाठी दिलेलं वाटलं होतं. आता कड्याला चिकटून उभं असताना ते समजलं, आणि आनंद व्हायच्या जागी माझा संताप झाला. हे समजायला मी चाळिशी ओलांडली. ते होते तेव्हा एकदा आले असते तर काय बिघडलं असतं?

"थांबलीस का?" काका खालून ओरडले. "फोटो काढतेस की काय?"

"नाही. चिडले आहे."

"चिडायचं तर पुढच्या खुंट्यावर चीड. या तुकड्यात मला यायचंय."

बेचाळिसाव्या खुंट्यापाशी बाकडं येतं. पूर्ण वाटेवर दोन्ही पाय सपाट टेकतील अशी ही एकच जागा. पलंगाएवढी रुंद, सहा-सात पावलं लांब. तार भिंतीलगत कमरेच्या उंचीवर जाते. बाहेरच्या बाजूला, भिंत जिथे किंचित वळते तिथे, पाटासारखा एक सपाट दगड आहे. तिथपर्यंत पट्टा पोचत नाही.

याच्या खाली बाबा सापडले होते.

मी बाकड्याच्या पलीकडच्या त्रेचाळिसाव्या खुंट्यापुढे जाऊन थांबले, हुक लावले आणि मागे वळून पाहू लागले. काय बघायला आले होते ते मलाच ठाऊक नव्हतं. बारीक खडी होती, शेवाळाचा वाळलेला पट्टा होता. काका बाकड्यावर आले आणि हेल्मेट किंचित मागे सारून उभे राहिले.

वाट अजून उघडली नव्हती, तरी तेवढ्यात खालून एक जण भराभर चढत आला. तिशीचा असेल, कानात गाणी. बाकड्याच्या तोंडाशी येऊन तो म्हणाला, "काका, जरा पुढे जाऊ का? मला वेळ लावून चढायचंय."

"या, या," काका म्हणाले. त्यांनी एक हुक काढला, दुसरा काढला, दोन्ही कमरेला अडकवले आणि तीन पावलं टाकून त्या पाटावर जाऊन उभे राहिले. पाठ भिंतीला, हात मोकळे. समोर दोनशे फूट हवा.

तो तरुण बाकड्यावरून आला. माझ्याजवळ येऊन त्याने आपले हुक एकेक करून माझ्या हुकांपलीकडे टाकले, "थँक्स हं," म्हणाला आणि वर निघून गेला. मला एकही हुक काढावा लागला नाही.

"काका," मी म्हणाले. "तुमचे हुक."

त्यांनी कमरेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. ते भिंतीला हात घासत, एक एक पाऊल टाकत तारेपाशी आले. हुक लावताना पहिल्यांदा नेम चुकला.

"सवय," ते म्हणाले. "अगं, तीस वर्षांची सवय. कुणी मागून आलं की इथे बाजूला व्हायचं."

"पण तो माझ्या शेजारून तसाच गेला. हुक न काढता."

"तू नवीन आहेस. तुला कोण बोलणार? आम्ही इथे दोघं थांबलो तर एका तुकड्यात दोन माणसं होतात." ते खाली बसले. "नियम मोडायला नको म्हणून आम्ही तारेवरूनच उतरायचो. कुणी आलं की तार त्याची. तुझा बापही. मी शंभरदा पाहिलंय त्याला त्या पाटावर. मला दिसायचंसुद्धा नाही ते. आपला हात हलताना दिसतो का आपल्याला?"

"पण त्या दिवशी कुणी नव्हतंच."

"तेच तर," काका म्हणाले. "कुणी नव्हतंच."

माथ्यावर दगडांच्या ढिगात पत्र्याचा एक डबा असतो. त्यात वही आणि दोरी बांधलेली पेन्सिल. वर पोचलेली माणसं नाव, तारीख आणि मनात येईल ते लिहितात. सीझन संपला की बाबा वही खाली आणत आणि नवी ठेवत. गेल्या सीझनची वही आणायला कुणी आलंच नव्हतं. कचेरीला ती ठाऊक नसावी. आम्हाला दोघांना ठाऊक होती आणि आठवली नव्हती.

मी मागून पानं उलटली. शेवटची नोंद बाबा गेले त्या तारखेची होती. दुपारी बारा पन्नास. एका गिर्यारोहण क्लबचं नाव, खाली पाच सह्या, आणि त्यातल्या एका मुलीच्या गोल, ठसठशीत अक्षरात:

"सीझन संपलाय हे माहीत नव्हतं, पण आलो ते बरं झालं! वाटेत एक काका भेटले. आम्हाला घाई आहे म्हटल्यावर बाजूला होऊन पाचही जणांना पुढे जाऊ दिलं, वर हसून 'सावकाश जा' म्हणाले. खूप छान माणूस. काका, हे वाचलंत तर थँक यू!!"

शेजारी एक हसरा चेहरा काढला होता. त्याला हेल्मेट घातलं होतं.

ते पलीकडच्या पायवाटेने उतरून गेले असणार. त्यांना काहीही माहीत नव्हतं. पाच माणसं, एका तुकड्यात एक याप्रमाणे, म्हणजे दहा-बारा मिनिटं बाबा त्या पाटावर मोकळे उभे होते. नंतर परत यायला तीन पावलं.

मी वही काकांकडे दिली. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ती हातभर लांब धरली. वाचून झाल्यावर ते बराच वेळ ती बंद करेनात.

"सावकाश जा," ते म्हणाले. "गाढव."

आईने पान वाचलं ते उभ्यानेच. मग खुर्चीत बसली, त्याच लुळ्या पायाच्या. "खूप छान माणूस," ती म्हणाली. "मला विचारा म्हणावं." तिने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं, एखाद्या मुलासारखं. "पाच जण! एकाला तरी म्हणायचं होतं, थांब रे बाबा जरा, मी पण माणूस आहे."

पाचव्यांदा मी कचेरीत गेले तेव्हा वही माझ्या पिशवीत होती. अधिकारी बाईंनी मला पाहून रोपट्याला पाणी घातलं.

"समजा," मी म्हणाले, "त्या दिवशी वाटेवर आणखी कुणी होतं असं निघालं, तर?"

त्या सावरून बसल्या. "तर फाइल उघडता येईल. त्यांना बोलावून जबाब घ्यावे लागतील. ते तिथे होते तेव्हा नेमकं काय घडलं, ते पुढे गेल्यावर काय झालं, सगळं त्यांच्यासमोर ठेवून विचारावं लागेल. मग कदाचित शेरा बदलेल. कदाचित." त्यांनी पेन उचललं. "आहे का कुणी?"

"आणि शेरा बदलला तर त्या जागी एक कडी बसवता येईल? बाजूला होणाऱ्याला हुक अडकवायला?"

"तो वाटेचा दोष मानला गेला तर प्रस्ताव पाठवता येईल."

पिशवी मांडीवर होती. मी तिचे बंद धरून बसले होते. मला ते वाक्य बदलून हवं होतं. सहा महिने मला दुसरं काही नको होतं. आणि त्याची किंमत म्हणजे हेल्मेट घातलेला हसरा चेहरा काढणाऱ्या मुलीला कुणीतरी या टेबलासमोर बसवून सांगणार, की तुम्ही ज्यांना थँक यू लिहिलंत ते तुम्ही लिहीत होतात तेव्हा खाली पडलेले होते. ती मुलगी कडा चढणं सोडेल. कदाचित आयुष्यभर कुणाच्या पुढे जाणार नाही. का जाऊ नये? मला तिचाही राग होता. घाई कसली होती हिला, सुट्टीच्या दिवशी?

बाबांचा सगळ्यात जास्त. तुम्ही इथेही मला तेच करायला लावताय, मी मनात म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "सहज विचारलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मी जिना उतरत असताना वर कुणीतरी येत होतं. मी कठडा सोडला नाही, त्यांना माझ्या बाजूने जावं लागलं.

वाक्य तसंच राहिलं. आता मी ते वाचते तेव्हा मला ते खोटं वाटत नाही, आणि त्याचा राग वेगळा येतो. दोन्ही हुक त्यांनीच काढले. निष्काळजीपणा होताच, फक्त तो स्वतःपुरता होता.

कडीचा मार्ग काकांनी काढला. "नवीन काही बसवायचं तर प्रस्ताव," ते म्हणाले. "दुरुस्तीला परवानगी दर वर्षीची आहेच. यंदा सदतीस खुंटे बदलायचे आहेत. मी अडतीस बदलीन. मोजायला वर कोण येतोय?"

"आणि आला तर?"

"तर त्यालाही तिथे बाजूला उभं करीन. हुक लावून."

वाट उघडल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. काकांच्या पाठीवर बॅटरीचं ड्रिल, माझ्या पाठीवर कडी, बोल्ट, बोल्ट खडकात घट्ट धरणाऱ्या रासायनिक डिंकाची नळी आणि त्यांचा चष्मा. जागा ठरवायला अर्धा तास लागला. एक हुक तारेवर असतानाच दुसरा कडीपर्यंत पोचला पाहिजे, आणि कडीवरून पाटावर नीट उभं राहता आलं पाहिजे. मी उभी राहत होते, काका खडूने खुणा करून पुसत होते. "अजून चार बोटं इकडे. तुझा बाप तुझ्याहून उंच होता."

"बाप आता येणार नाहीये काका."

"तरी," ते म्हणाले.

भोक पाडून, फुंकून, डिंक भरून बोल्ट बसवला. डिंक धरायला वेळ लागतो. आम्ही तारेला हुक लावून बसून राहिलो. तोवर खाली चार जणांची रांग लागली.

"अहो काकू," पहिला ओरडला, "जरा बाजूला होता का? आम्हाला खाली बस गाठायचीय."

माझ्या तोंडात "या, या" आलं. खरंच आलं. ते कुठून येतं ते मला तेव्हा कळलं, आणि मी दात आवळले.

"थांबा," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"पंधरा? अहो, दोन पावलं सरकलात तरी होईल! जागा आहे की तिकडे."

"जागा आहे," मी म्हणाले. "कडी नाहीये अजून. बस चुकली तर दुसरी मिळेल."

मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. कोण म्हातारी आहे, असं काहीसं. काका माझ्याकडे न बघता हसले. मी घड्याळ बघत राहिले. ती पंधरा मिनिटं मला फार जड गेली. चार माणसं आपल्यामुळे खोळंबली आहेत हे सहन करणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. हात दोनदा आपोआप हुकाकडे गेला.

काकांनी पान्याने कडी ठोकून पाहिली, पिळून पाहिली. "हं. लाव."

मी एक हुक तारेवर ठेवून दुसरा कडीत अडकवला. टिक. मग तारेवरचा काढून तोही कडीत. टिक. मग तीन पावलं त्या पाटावर गेले.

"आता मागे रेल," काका म्हणाले. "वजन टाक. सगळं. कडी वजन टाकूनच तपासायची."

मी रेलले. पट्टे ताणले गेले, हार्नेस मांड्यांत रुतला. पाठीमागे हवा होती.

"या," मी रांगेला म्हणाले. "आता या. एका वेळी एक."

ते गेले. पहिला माझ्याकडे न बघता. दुसरा आणि तिसरा घाईत. चौथी एक मुलगी होती. ती बाकड्याच्या मध्यावर थांबली, माझ्या कडीकडे, पट्ट्यांकडे, खाली बघून परत माझ्याकडे.

"थँक यू हं, काकू."

"एक लाव, मग दुसरा काढ," मी म्हणाले. जरा जोरातच.

ती दचकली, मान हलवली आणि खुंट्यापाशी जाऊन मी सांगितलं तसं केलं. ती वर दिसेनाशी होईपर्यंत मी तशीच रेलून होते.

"धरलीय," काका म्हणाले. "ये आता इकडे."

मी आधी एक हुक तारेला लावला.